रेणुकाला वाचवणारी माणसं

उमाशंकरनं आपल्याशी लग्न केलं म्हणजे नेमकं काय केलं, हे रेणुकानं त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की ती हकीकत तिला त्याच्याच शब्दांत पाठ झाली होती.

नायगावला, माहेरी, तिचं आधी एक लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला, पत्रिका छापून आल्या, आणि त्याच सुमारास तिच्या मानेवर, कानाच्या खाली, पांढरा डाग उठला. शेंगदाण्याएवढाच होता. आईनं पदर ओढून घ्यायला शिकवलं, पण मुलाकडच्या एका बाईची नजर पडायची ती पडलीच. सोयरीक मोडली. डाग वाढत खांद्याकडे उतरला तसा गावात कोड हा शब्द उघड बोलला जाऊ लागला. मग कंधारहून उमाशंकरचं स्थळ आलं. बसस्टँडजवळ त्याचं भांड्यांचं दुकान होतं. वय जरा जास्त होतं, पण माणूस निर्व्यसनी. मुलगी बघून तो म्हणाला, माझी हरकत नाही. रेणुकाचे वडील, रामलिंगअप्पा, त्या दिवशी जावयाच्या पाया पडायचेच काय ते राहिले.

लग्नानंतर दुकानात ठोकचा व्यापारी येवो, घरी पाहुणा येवो, की बँकेचा साहेब चहाला थांबो, उमाशंकर तिला हाक मारायचा. ती चहा घेऊन आली की तिला तिथंच थांबवून सांगायला लागायचा. "ह्यांचं जमलेलं मोडलं होतं. अंगावर कोड. कोण करून घेणार? म्या म्हणलं, बाईमाणसाचा जन्म असा वाया जाऊ द्यायचा का?" पाहुणा आधी तिच्या मानेकडे बघायचा, मग उमाशंकरकडे, आणि मान डोलवायचा. हकीकत संपेपर्यंत रेणुका हातात रिकामा ट्रे धरून उभी राहायची. संपली की हात जोडून आत जायची.

तो मारत नव्हता, पीत नव्हता, घरात काही कमी पडू देत नव्हता. त्यामुळे तक्रार कशाची करायची हेच तिला सांगता येईना. एकदा माहेरी तिनं आईजवळ विषय काढला, तर आई म्हणाली, कौतुकानंच सांगतात न्हवं? मग तुझं काय बिघडतंय?

एक गोष्ट मात्र तो पाहुण्यांना सांगत नव्हता. मूल नको, हे त्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. मुलीला डाग आला तर तिला कोण करून घेईल, मी होतो म्हणून तुझं झालं, असं त्याचं म्हणणं. रेणुकानं हट्ट करून त्याला नांदेडच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की हा रोग कुणाला लागत नाही, आणि मुलांना होईलच असंही नाही. उमाशंकरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, डॉक्टरांना नमस्कार केला आणि घरी आल्यावर आपलं अंथरूण कायमचं पुढच्या खोलीत नेलं. पुढं लोकांनी मुलाबाळाचं विचारलं की तो सुस्कारा टाकून म्हणायचा, देवानं दिलं नाही, पण म्हणून मी दुसरी केली नाही. लोकांच्या नजरेत तो आणखी मोठा व्हायचा. रेणुकानं खरं काय ते कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कुणी तिचं खरं धरलं नसतं.

मग कंधारला समाजाचा वधू-वर मेळावा झाला. आदर्श जोडपं म्हणून उमाशंकरला मंचावर बोलावलं, आणि त्यानं रेणुकालाही वर बोलावून घेतलं. माइकवरून सगळी हकीकत सांगून झाल्यावर तो म्हणाला, जरा पदर सरकवा. तो दुसऱ्याच कुणाला सांगतोय असं तिला क्षणभर वाटलं. ती हलली नाही, तेव्हा त्यानंच दोन बोटांनी पदर बाजूला केला. दुकानात गिऱ्हाइकाला चकाकी दाखवायला तो भांड्यावरचा कागद असाच सरकवायचा. पहिल्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या आणि सगळा हॉल वाजवू लागला.

कुणीतरी मोबाइलवर त्याचं चित्रीकरण केलं. ते फिरत फिरत लातूरला पुनमपर्यंत पोहोचलं.

पुनम ही रेणुकाची धाकटी बहीण. लातूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची. नवरा भागवत कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स घ्यायचा आणि मुलगी ओजस्वी बालवाडीत होती. लहानपणी पुनमला न्हाऊमाखू घालणं, तिच्या वेण्या घालणं, सगळं रेणुकानंच केलेलं. तो व्हिडिओ बघून पुनम ढसाढसा रडली, आणि दुसऱ्याच दिवशी भागवतला गाडी काढायला लावून कंधारला आली.

उमाशंकरनं त्यांना बसवलं, चहा सांगितला. पुनमनं आवाज चढवला, त्याला तोंडावर विकृत म्हणाली. तो शांत राहिला. "न्यायचं तर न्या," तो म्हणाला. "म्या अडवणारा न्हाई. आजवर कसं सांभाळलं ते समद्या गावानं बघितलंय."

रेणुकानं दोन पिशव्या भरल्या. अहमदपूर मागं पडेपर्यंत ती गाडीत एक शब्द बोलली नाही. मग चाकूरला गाडी थांबवून पुनमनं गरम भजी आणली, आणि रेणुकानं ती अशी खाल्ली की पुनमला परत उतरून आणखी आणावी लागली. दोघी हसल्या. पदर खांद्यावरून घसरला होता आणि तो सावरायचं रेणुकाला भान नव्हतं. नंतर कितीतरी दिवस ती त्या दुपारबद्दल स्वतःशीच आनंदानं विचार करायची.

लातूरचे सुरुवातीचे महिने खरंच चांगले गेले. कुणी हाक मारून उभं करत नव्हतं. पुनमनं तिला सुती साड्या घेतल्या, त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं, बँकेत खातं उघडून दिलं. संध्याकाळी ओजस्वीला झोपाळ्यावर घेऊन दोघी बहिणी गप्पा मारत बसायच्या, आणि बोलता बोलता विषय पुनमच्या अभ्यासावर यायचा. ती राजकन्यांच्या कार्टून सिनेमांवर पेपर लिहीत होती. राजकन्येला कोण वाचवतं, कशातून वाचवतं, आणि वर्षागणिक ते कसं बदलत गेलं, असा तो विषय होता. रेणुकाला आधी हसूच आलं होतं, की कॉलेजात असलंही शिकवतात. पण ओजस्वीला तेच सिनेमे आवडायचे, त्यामुळे दुपारी मांडीवर पोरगी घेऊन तीही ते बघू लागली. हळूहळू तिला पुनमचं म्हणणं कळायला लागलं.

जुन्या सिनेमांत राजकन्या काहीच करत नाही, असं पुनम सांगायची. एकात ती शापानं तळ्याच्या तळाशी झोपलेली असते. राजपुत्र बुडी मारून तिला वर काढतो, आणि डोळे उघडल्यावर जो समोर दिसेल त्याच्याशी ती लग्न करते. मधल्या काळातली राजकन्या तोंडाळ असते, घोड्यावर बसते. अशीच एक काट्यांच्या किल्ल्यातून स्वयंपाकघरातल्या सुरीनं वाट काढत बाहेर येते. पण सिनेमा संपत आला की हटकून नदीत पडते, आणि एक देखणा नावाडी तिला हात देतो. पुनमच्या मते खरा बदल झाला तो अगदी नव्या सिनेमांत. ओजस्वीचा आवडता सिनेमा त्यातलाच होता. त्यात दोन बहिणी असतात. थोरली पक्षी होऊन वाळवंटापलीकडे पिंजऱ्यात अडकते आणि धाकटी एकटी वाळवंट तुडवत जाऊन तिला पुन्हा माणसात आणते. राजपुत्र आहे, पण तो हसवण्यापुरता.

"आता बाईला बाई वाचवते," पुनम म्हणायची. "पुरुषाची गरजच उरली नाही, हे मोठं आहे, अक्का."

"ती पक्षी झालेली," रेणुकानं एकदा विचारलं, "माणसात आल्यावर काय करती?"

"दोघी मिठी मारतात आणि सिनेमा संपतो."

"न्हाई, दुसऱ्या दिवशी."

पुनम हसली आणि म्हणाली, अक्का, दुसरा दिवस सिनेमात नसतो. रेणुकाही हसली. पण पुढच्या वेळी तो सिनेमा बघताना तिच्या लक्षात आलं, की थोरलीला सबंध गोष्टीत बोलायला फारसं काही दिलेलंच नाही. तळ्यातल्या झोपलेलीचं जसं होतं, तसंच हिचंही. सुटल्यावर डोळ्यांत पाणी आणून दोन शब्द बोलायचे, एवढंच. तिनं हे पुनमला सांगितलं नाही. आपल्याला त्यातलं काय कळतं, असं तिला वाटलं.

घरात सरजाबाई धुण्याभांड्याला यायच्या. पावसाळा संपता संपता पुनमनं त्यांना यायचं बंद करायला सांगितलं. ताई घरात आहेत, दोन बायका कशाला, एवढंच ती म्हणाली, आणि ते इतकं सहज की रेणुकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. तिला रिकामं बसायची सवयच नव्हती. आधी भांडी आली, मग धुणं, मग भागवतचे डबे, त्याच्या क्लासमधल्या सरांचे अधूनमधून चहा-नाष्टे, आणि ओजस्वी तर पूर्णच तिच्याकडे आली. पुनमचं कॉलेज, तिचा पेपर, तिच्या मीटिंगा. सरजाबाई एकदा विसरलेली छत्री न्यायला आल्या. दारातूनच त्यांनी ओट्यावरचा पसारा बघितला आणि म्हणाल्या, "तुमी आलात ते बाईला बरं झालं." त्यात टोमणा होता की नुसतंच बोलणं, ते रेणुकाला कळलं नाही.

दुपारी ओजस्वीला खेळायला लागे. खेळ एकच, वाळवंटाचा. पोरगी ओढणी पाठीला बांधून सांगायची, "मावशी, तू झोप. तू पक्षी हायस. मी वाचवायला येते." रेणुका फरशीवर आडवी व्हायची. ओजस्वी सोफ्यावरून, टेबलाखालून, बेडरूममधून फिरून यायला बराच वेळ लावायची, आणि तेवढ्यात रेणुकाचा डोळा लागायचा. सबंध दिवसात तिला पाठ टेकायला तेवढाच वेळ मिळायचा. लवकर नको येऊ, असं ती पोरीला सांगायची.

अशाच एका दुपारी वीज गेली होती. पुनम घरी होती. पोरगी झोपलेली, बाहेर ऊन, दोघी फरशीवर पसरल्या होत्या, अगदी नायगावच्या घरात पसरायच्या तशा. पुनमनं विचारलं, अक्का, तुम्ही डॉक्टरला दाखवलं होतं का गं कधी, मुलासाठी? आणि इतक्या वर्षांत कुणाला न सांगितलेलं रेणुकानं सांगून टाकलं. पुढच्या खोलीतलं अंथरूण, देवाचं नाव पुढं करणं, सगळं. पुनम उठून बसली. तिनं रेणुकाचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. रेणुकाला हलकं वाटलं. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

पुढच्या महिन्यात पुनमच्या कॉलेजात सेमिनार होता. अक्का, तू यायचंच, ती म्हणाली. पेपर सगळ्यांना कळावा म्हणून मराठीतच वाचणार होती. रेणुका नवी साडी नेसून ओजस्वीला घेऊन मधल्या एका रांगेत बसली. बाहेरगावच्या बायका आल्या होत्या, विद्यार्थिनी होत्या, पांढऱ्या केसांच्या एक अध्यक्षबाई होत्या. पडद्यावर तळं आलं, काट्यांचा किल्ला आला, वाळवंट आलं. ओजस्वीनं टाळ्या पिटल्या तसा हॉल हसला. पुनम फार छान बोलत होती. रेणुकाचा ऊर भरून आला. हिच्या वेण्या आपण घातल्यात, असं शेजारच्या बाईला सांगावंसं तिला वाटत होतं.

मग पुनम थांबली. सिनेमातली ती धाकटी बहीण मला परकी नाही, असं म्हणाली, आणि पडद्यावर कंधारच्या मेळाव्यातलं चित्र आलं. उमाशंकरची दोन बोटं, सरकलेला पदर, मान. चेहरा पुसट करून घेतला होता. मान तशीच होती.

ते कुणाचं चित्र आहे हे रेणुकाला कळायला थोडा वेळ लागला. पुनम बोलत होती. एका माणसानं एका बाईला वाचवलं आणि मग आयुष्यभर तिचं प्रदर्शन कसं मांडलं, ते सांगत होती. त्यानं तिला आईसुद्धा होऊ दिलं नाही, जगाला मात्र देवाचं कारण सांगितलं, असं म्हणताना तिचा आवाज दाटून आला. खोटं रडत नव्हती ती. बहिणीला आणायला आपण गाडी घेऊन निघालो तो दिवस तिनं सांगितला. "आणि ती बाई आज इथं आहे," पुनम म्हणाली. "अक्का, जरा उभी राहतेस?"

सगळ्या माना वळल्या. रेणुका उभी राहिली. मांडीवरून उतरवलेली ओजस्वी तिच्या साडीला धरून होती. टाळ्या पडत होत्या तोवर ती तशीच थांबली, मग हात जोडले आणि खाली बसली. हे सगळं तिच्या अंगानं आपोआप केलं. सवयच होती ती.

चहाच्या वेळी बायका भेटायला आल्या. कुणी हात दाबला, कुणी डोळे पुसले. एकीनं हळूच विचारलं, कुठवर पसरलंय? दुसरीला आपल्या भाचीसाठी औषध हवं होतं. दोन मुलींनी तिच्यासोबत फोटो काढून घेतले.

संध्याकाळी पुनम पेढे घेऊन घरी आली. अध्यक्षबाईंनी पेपर छापायला मागितला होता. ती ओट्याशी टेकून एकेकाचं काय म्हणणं पडलं ते सांगत होती. रेणुका भाकरी थापत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मुलाचं कशाला सांगितलंस?"

पुनम म्हणाली, "अक्का, तेच तर खरं होतं. त्याच्याशिवाय त्या माणसाचा चेहरा लोकांना कळलाच नसता."

"म्या तुला सांगितलं होतं, पुने. हॉलला न्हाई."

"तुझं नाव कुठं घेतलं मी?"

"उभं केलंस की."

"लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. तुझ्याबद्दल एक तरी शब्द वाईट बोलले का मी?"

"ते बी कुठं वाईट बोलायचे?" रेणुका म्हणाली.

पुनमच्या हातातला पेढा तसाच राहिला. "तू मला त्यांच्या रांगेत बसवायलीस?"

एवढं म्हणायचं रेणुकाच्या मनात नव्हतं. पण तोंडून गेल्यावर तिला ते खरं वाटलं, आणि खरं वाटल्यावर परत घेता येईना. तव्यावरची भाकरी करपली. पुनम रडायला लागली होती.

"तुला त्या घरातून काढलं कुणी? अप्पांनी? आईनं?" ती म्हणाली. "मी आले. भागवतच्या घरच्यांचं सगळं ऐकून घेतलं मी. कुणाची बहीण करते एवढं? किती केलं तुझ्यासाठी, अक्का."

रेणुकानं ते पूर्ण ऐकून घेतलं. गॅस बंद करून तिनं पेढ्यांचा डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि ओजस्वीला जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी भागवत समजुतीच्या सुरात बोलला. पुनमवर कामाचा ताण आहे, ताईंनी मनावर घेऊ नये, म्हणाला. जाता जाता, ओजस्वीची बस उद्यापासून लवकर येणार आहे हेही त्यानं सांगितलं. पुनमशी बोलणं कामापुरतं उरलं. तिच्या टेबलावर तो पेपर होता, आणि त्यात ते चित्र आता कागदावरही होतं. छापू नको, असं रेणुकानं एकदा म्हणून बघितलं. पुनमनं थंडपणे सांगितलं, की हा तुझ्या एकटीचा प्रश्न नाही, सगळ्या बायकांचा आहे.

सरजाबाईंचं घर दालमिलच्या मागच्या वस्तीत होतं. रेणुका विचारत विचारत तिथं गेली. आपल्याला शिवण येतं, कंधारला फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवायचे, कुठं काम असेल तर सांगा, असं तिनं उभ्या उभ्याच म्हटलं. सरजाबाईंनी आधी पाणी दिलं. त्यांची मुलगी महामाया नांदेडला शाळेचे गणवेश शिवून द्यायची. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये तिनं मशिनी टाकल्या होत्या.

"तुमच्या पायी माझं काम गेलं, ते म्या विसरले न्हाई," सरजाबाई म्हणाल्या. "पण पोरीला हंगामात हात कमी पडत्यात. मोटारची मशीन चालती का?"

"शिकीन."

"मग जावा. उपकार म्हणून सांगत न्हाई. काम न्हाई जमलं तर ती काढून टाकंल."

हे ऐकून रेणुकाला इतकं बरं वाटलं की तिथंच बसून रडावं असं झालं. पण ती रडली नाही.

ती निघाली तेव्हा पुनम दारात आली नाही. ओजस्वी शाळेत होती. पोरगी घरी असती तर पाय निघाला नसता, म्हणून रेणुकानंच ती वेळ धरली होती. नंतर बरेच दिवस तिला ते खुपत राहिलं.

नांदेडला तरोड्याच्या बाजूला, शेडपासून जवळच, आणखी दोन बायकांबरोबर तिला एक खोली मिळाली. आधी नुसतं स्कर्टला इलॅस्टिक ओवायचं काम होतं. मग मशीन हाताला बसली. शेजारच्या मशिनीवरच्या बाईनं मानेबद्दल विचारलं तेव्हा रेणुका म्हणाली, भाजलं होतं. विषय तिथंच संपला. इतकं सोपं उत्तर आपल्याला आधी का सुचलं नाही, याचं तिला नवल वाटलं.

एकदा भागवतच्या फोनवरून ओजस्वीनं फोन केला. "मावशी, तू कुठं अडकलीस?" पोरगी म्हणाली. "मी येऊ का?" अडकले नाही, कामाला आलेय, असं रेणुका सांगत होती. मग इथं झोपणार कोण, असं ओजस्वीनं विचारलं, तेवढ्यात मागून पुनमचा आवाज आला आणि फोन बंद झाला. तो परत आला नाही.

रामलिंगअप्पा एसटीनं येऊन भेटून गेले. पिंपाला टेकून बसले, खोलीभर नजर फिरवली. "एक घर नवऱ्यानं दिलं, एक बहिणीनं," ते म्हणाले. "दोन्हीकडं तुलाच बोचलं. आता दोष माणसांना कसा देऊ मी?" ती त्यांना स्टँडवर सोडायला गेली. बस सुटेपर्यंत दोघं शेजारी उभी होती.

शाळा सुरू होऊन गणवेशांचा हंगाम सरला तेव्हा महामायानं सरळ सांगितलं, की आता सगळ्यांना पुरेल एवढं काम नाही, आणि नव्यांना आधी थांबावं लागेल. रेणुका थांबली. खोलीवर ब्लाऊज घेऊ लागली. काही आठवडे बरे जायचे, काहींना कुणीच यायचं नाही. पुढच्या हंगामाला महामायानं बोलावलं आणि ती गेली.

त्याच उन्हाळ्यात नायगावला चुलतभावाचं लग्न होतं. आईनं फार आग्रह केला म्हणून ती गेली. ओजस्वी उंच झाली होती. तिनं लांबूनच हात हलवला आणि पुन्हा मोबाइलमधल्या खेळात डोकं घातलं. त्याच मांडवात उमाशंकरही आलेला होता, पांढऱ्या कपड्यांत. अप्पांनी जावयाचा मानपान सोडलेला नव्हता.

जेवण करून हात धुऊन येताना रेणुकाला तो दिसला. पुनम त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. ज्या माणसाला ती तोंडावर विकृत म्हणाली होती, ज्याच्यावर तिनं पेपर लिहिला होता, त्याच्याकडे खुर्ची वळवून ती बोलत होती.

"म्या पंधरा वर्षं केलं," उमाशंकर सांगत होता. "तुमी वरीसभर केलंत. काय हाताला लागलं?"

"जाऊ द्या, दाजी," पुनम म्हणाली. "तिला कुणाचं केलेलं दिसतच नाही."

रेणुका जागच्या जागी थांबली. मागून वळून निघून जाता आलं असतं. ती पुढे आली, दोघांना दिसेल अशी उभी राहिली. पुनमचा चेहरा उतरला आणि तिनं नजर रेणुकाच्या साडीच्या काठावर नेली. उमाशंकर मात्र गडबडला नाही. त्यानं पलीकडची रिकामी खुर्ची ओढली आणि म्हणाला, "या की, बसा."

"न्हाई," रेणुका म्हणाली. "गाडी हाय."

गाडीला अजून बराच वेळ होता. ती उन्हातून चालत स्टँडवर गेली आणि पत्र्याच्या सावलीत बसून राहिली. मांडवातला बँड तिथवर ऐकू येत होता. आईला सांगून निघायचं राहिलंच, हे तिच्या नंतर लक्षात आलं. नांदेडची बस आली ती खचाखच भरून. दारातल्या दांड्याला धरून ती उभी राहिली. कुणी बसायला जागा दिली नाही, आणि तिनंही कुणाकडं बघितलं नाही. नांदेडला उतरली तरी तिचा राग उतरला नव्हता. तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.